एका मापाच्या फळ्या

फळ्या सगळ्या एका मापाच्या होत्या. सकाळी चहाचे कप विसळताना स्वयंपाकघरातून त्या मला दिसल्या, बागेतल्या गवतावर एकीला लागून एक निजवलेल्या, आणि कप हातातच राहिला. तसं फळ्या पडलेल्या असणं आमच्याकडे काही नवलाचं राहिलं नव्हतं. गेले कित्येक दिवस हे बागेतल्या माझ्या खोलीला बाहेरून लाकडी क्लॅडिंग करत होते. क्लॅडिंग हा यांचा शब्द. निवृत्त माणसाला एखादा नवा शब्द सापडला की तो उठताबसता वापरल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. मी आपली फळ्या ठोकणं म्हणते. आमच्या कापडाच्या धंद्यात अस्तर आतून लावतात, यांनी ते बाहेरून लावायला घेतलं होतं, एवढंच. तीन भिंती झाल्या होत्या. उरली होती गल्लीकडची, आणि त्या भिंतीत माझी खिडकी आहे. बागेकडच्या भिंतीत दार आहे, तर दाराच्या अलीकडचे, पलीकडचे आणि वरचे तुकडे यांनी इतके नेमके कापले होते की मी मनातल्या मनात मानलं होतं. मग खिडकीच्या भिंतीलाही तसेच तुकडे लागणार. पण गवतावर तुकडा एकही नव्हता. सगळ्या फळ्या अखंड, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पुरतील अशा. आणि मापात चूक यांच्या हातून होत नाही. यांची सगळी नोकरी वजनमापे तपासण्यात गेली आहे. दुकानदाराच्या तराजूतली दाण्याएवढी खोट यांना फुटपाथवरून दिसायची.

अहो, खिडकीचं काय? एवढंच विचारायचं होतं. हे तिथेच गवतावर बसून फळीच्या कडेवरून पॉलिशकागद फिरवत होते. मी चुलीवरून कढई उतरवावी तसा तो प्रश्न मनातून उतरवून ठेवला, हात पुसले, कालचा कोट घेतला आणि यांच्या समोरून चालत खोलीत जाऊन माझ्या खिडकीशी बसले. का बसले, ते त्या वेळी मला नीट सांगता आलं नसतं. म्हटलं, बघू या. आयुष्यभर मीच विचारत आले. भाजी काय करू, पडदे कोणते घेऊ, आईकडे जाऊन येऊ का. आज एकदा यांनी आपणहून थांबावं, फळी खिडकीच्या खालच्या कडेला भिडली की हातोडी खाली ठेवावी आणि म्हणावं, अगं, इथे काय करायचं? मी कुठेही जाणार नव्हते. काचेच्या अलीकडे, हातभर अंतरावर बसलेली असणार होते.

मी रफू करते. पूर्वी एका ड्रायक्लीनरच्या दुकानात मागच्या बाजूला बसून करायची, आता घरीच करते. रफूला दिवसाचा उजेड लागतो, आणि तोही थेट उन्हाचा नाही, गल्लीच्या बाजूने येतो तसा थंड, सरळ उजेड. दिव्याखाली करड्या रंगाचे धागे फसवतात. दिव्याखाली जुळलेला धागा सकाळी बघावा तर हिरवट निघतो आणि सगळं उसवावं लागतं. महिन्याभरापूर्वी यांनी न सांगता खोलीत नवी ट्यूब बसवून दिली, दुधी उजेडाची, चांगली लांबलचक. मला भरून आलं होतं. रात्री लेकीला फोनवर सांगितलंसुद्धा, तर ती म्हणाली, "बघ, बाबा किती करतायत तुझ्यासाठी, आणि तू सारखी त्यांच्यावर करवादतेस." लेक नोकरीसाठी लांब राहते. लांबून बाप नेहमीच चांगला दिसतो. मी तिला एवढंच म्हटलं की दिवा छान आहे, पण मला लागणार नाही. हे सोफ्यावर पेपर वाचत होते. पेपर हलला नाही.

हा कोट एका तरुण मुलीचा होता, म्हणजे तिच्या वडिलांचा. वडील गेले. कोटाच्या छातीशी सिगारेटीने जळलेलं भोक होतं, आणि कोट तिच्या भावाला आज संध्याकाळी घालायचा होता, वडिलांच्या कचेरीत त्यांच्यासाठी सभा होती तिथे. रफू करताना धागा बाजारातून आणत नाहीत. त्याच कापडाचा काढतात, आतून, शिवणीच्या दाबातून, जिथे कुणी बघत नाही तिथून, आणि बाहेरच्या भोकावर विणतात. आत थोडं विरलं तरी चालतं. गिऱ्हाईक आलं की मी कोट त्याच्यापुढे पसरते आणि म्हणते, "शोधा... सापडायचं नाही." मधे जरा थांबते. गिऱ्हाईक बोट फिरवतं, उजेडाकडे धरतं, डोळे बारीक करतं, आणि शेवटी हसतं. ही एवढीच माझी मिजास. बाकी रफूचं कौतुक म्हणजे दिसत नाही हेच, दिसलं तर बिघडलं. असल्या धंद्यात जन्म घालवलेल्या बाईने घरात आपण दिसावं अशी अपेक्षा करू नये, हे मला कळतं. कळून उपयोग होत नाही.

खालची पहिली फळी बसली तेव्हा भिंत थरारली आणि टेबलावरच्या सुया एकमेकींना लागल्या. या फळ्यांच्या एका कडेला खाच असते आणि दुसरीला जीभ. खालच्या फळीची जीभ वर, तिच्यावर वरच्या फळीची खाच बसवायची आणि वरून ठोकायचं. ठोकताना हातोडी थेट फळीवर मारायची नाही. मधे लाकडाचा एक ठोकळा धरायचा, म्हणजे धक्का पोचतो पण वण राहत नाही. हे सगळं यांनीच मला समजावून सांगितलं होतं, पहिल्या भिंतीच्या वेळी, मोठ्या उत्साहाने, आणि मी ऐकता ऐकता म्हटलं होतं, "हे तुम्हाला शिकवायला नकोच होतं." यांना कळलं नाही, किंवा कळलं असेल. यांना काय कळतं आणि काय कळत नाही याचा हिशेब मला कधी लागलाच नाही. घरात यांनी कधी आवाज चढवला नाही. हात उगारणं तर सोडाच. शेजारीपाजारी मला भाग्यवान म्हणतात.

ही खोली म्हणजे पूर्वी बागेच्या कोपऱ्यातलं गोदाम होतं. सायकली, रंगाचे रिकामे डबे, गवत कापायचं मोडकं यंत्र. लेक गेली तेव्हा तिची खोली रिकामी झाली, आणि जाताना ती मला म्हणाली होती, "आई, माझी खोली तू घे, टेबल खिडकीशी लाव." ती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी हे त्या खोलीत आपल्या फायली मांडत होते. मूग गिळून गोदाम झाडायला घेतलं. डबे काढले, भिंतींना चुना दिला, टेबल टाकलं, पण आत उजेड नव्हता. मग हे तपासणीच्या दौऱ्यावर गेले असताना मी गवंडी बोलावला आणि गल्लीकडची भिंत फोडून घेतली. आयुष्यात न विचारता केलेली ती एकच गोष्ट. पहिली वीट निघाली तेव्हा उजेडाची एक जाड पट्टी आत आली आणि धुळीत उभी राहिली. मी गवंड्यासमोर रडले. त्या बिचाऱ्याला वाटलं विटेचा कपचा उडून डोळ्यात गेला, तो पाणी घेऊन धावत आला. दौऱ्यावरून परतल्यावर हे बूटही न काढता इथे आले, चौकटीच्या कडेवरून तळहात फिरवला, जसा वजनाच्या तळावरून फिरवत तसा, आणि म्हणाले, "विचारायचं होतंस." बस्स. त्यानंतर त्या खिडकीचं यांच्या लेखी नाव पडलं भगदाड. भगदाडातून पाऊस येईल, भगदाडामुळे भिंत कमकुवत झाली. सरकत्या काचेची, बाहेरून सिमेंटची कड असलेली ती साधी खिडकी. लोक त्या कडेवर कोपर टेकून माझ्याशी बोलत. गेल्या आठवड्यात यांनी छिन्नीने ती कड उडवली. म्हणाले, "तडा गेलाय, कुणाच्या पायावर पडेल." मला वाटलं, किती काळजी.

दिवा, कड, एका मापाच्या फळ्या. सुईत धागा ओवत मी हे तिन्ही शेजारी शेजारी मांडून पाहत होते, आणि खाली ठोक ठोक चालू होतं. कोपराच्या उंचीला फळ्या आल्या असाव्यात. एकीकडे वाटत होतं की हे विसरले आहेत. माणूस एखाद्या गोष्टीच्या मागे लागला की त्याला भिंत तेवढी दिसते. सलग, सलग, हाच यांचा ध्यास. वखारीत लाकूड निवडताना, समोरच्या डॉक्टरांच्या बागेतली अशीच फळ्या ठोकलेली खोली दाखवताना, बोलणं घोळून फिरून सलगवर यायचं. तर सलगच्या नादात बायको आत बसते हे डोक्यातून गेलं असेल. दुसरीकडे वाटत होतं की नाही, हे सगळं मुद्दाम चाललंय. आणि यातलं कोणतं बरं, हे ठरवायला मी बसले तर माझंच मला हसू आलं. विसरले असतील तर मी इतकी वर्षं कुणाच्या घरात राहत होते? मुद्दाम असेल तर निदान महिनाभर रोज थोडा वेळ यांनी माझा विचार केला, मी कुठे बसते, कशासाठी बसते, कुठून मला उजेड मिळतो, हे सगळं मनात आणलं. एवढं लक्ष यांनी माझ्याकडे लग्न झाल्यापासून दिलेलं मला आठवत नाही. खरं सांगते, मुद्दाम असलं तर बरं, असंच मला वाटत होतं. इतकी मी खाली आले होते.

मग काचेच्या खालच्या कडेला फळीची जीभ दिसली. हातोडी थांबली. म्हटलं, आता. यांच्या डोक्याचा पांढरा भाग वर आला, मग कपाळ, मग चष्मा. तोंडात खिळे धरले होते. त्याच वेळी ती कोटवाली मुलगी गल्लीतून आली आणि यांच्या बाजूला उभी राहून काचेतून डोकावली. मी काच सरकवली.

"काकू, झाला का हो कोट?"

"होतोय. दुपारनंतर ये, देते."

तिने फळीकडे पाहिलं, यांच्याकडे पाहिलं. "येऊ कुठे पण? इथेच येऊ ना? काका, तुम्ही हे झाकताय का?"

यांनी तोंडातल्या खिळ्यांमधून नुसतं "हं" केलं. ते हो होतं की खिळे सांभाळणं होतं, कोण जाणे. मग खिळे तळहातावर काढून घेतले आणि तिला म्हणाले, अगदी प्रेमाने, "फाटकातून ये गं बाळ. बेल वाजव. मी असतोच घरात."

"बरं काका," ती म्हणाली, आणि माझ्याकडे पाहून कसनुसं हसली. लहान आहे, पण बाईमाणूस आहे. ती गेल्यावर मी काच उघडीच ठेवली. हे माझ्याशी बोलतील म्हणून. यांनी खिळे परत तोंडात घातले, बाहेरूनच दोन बोटांनी काच सरकवून बंद केली, रुमालाने तिच्यावरची धूळ झटकली आणि पुढची फळी उचलली. लाकडाचा भुसा आत जाऊ नये म्हणून काच लावली असेल. तसंही असू शकेल. यांच्या प्रत्येक कृतीला एक शहाणं कारण असतं, आणि ते खोटं पाडता येत नाही. यांच्याशी संसार करणं म्हणजे बरोबर असलेल्या माणसाशी भांडण्यासारखं आहे.

फळी यांच्या हनुवटीपर्यंत आली तेव्हा आम्ही एकदम समोरासमोर होतो. मधे काच. यांनी लेव्हलची नळी फळीवर ठेवली, बुडबुडा मधोमध येईपर्यंत पाहत राहिले, आणि मग नजर वर केली, थेट माझ्या तोंडावर. मी सुई तशीच धरून होते. मी हसले का, ते आठवत नाही. चेहऱ्यावर काहीतरी आणलं असणार. यांनी क्षणभर पाहिलं आणि मिशीत अडकलेला भुसा बोटाने काढला, मान तिरकी करून दुसऱ्या बाजूचाही काढला. बाहेर लख्ख ऊन होतं, आत सावली, अशा वेळी काचेत माणसाला आपलंच तोंड दिसतं. म्हणजे मी दिसलेच नसेन. किंवा दिसले असेन आणि मिशी हे निमित्त असेल. काचेवर बोटाने टकटक करायला कितीसा वेळ लागतो? हात उचललाही होता. पण मग पुढची फळी आली आणि यांची हनुवटी गेली, मिशी गेली, आणि नुसता चष्मा राहिला, त्याच्यात आकाश.

उरलेल्या पट्टीच्या उजेडात मला यांची फिरायला जायची गोष्ट आठवली. निवृत्तीनंतर आम्ही संध्याकाळी फिरायला जाऊ लागलो होतो. एकदा एका अनोळखी माणसाने स्कूटर थांबवून यांना विचारलं, "तुम्ही त्या खिडकीवाल्या बाईंचे मिस्टर ना? बाई आजारी आहेत का, दोन दिवस खिडकी बंद होती." मी यांच्या मागेच होते. मला हसू फुटलं. ज्या माणसाच्या टेबलासमोर बाजारातले बडे बडे दुकानदार टोपी हातात घेऊन उभे राहायचे, तो आता खिडकीवाल्या बाईंचा मिस्टर. मी हसले ते कौतुकाने की सूड उगवल्यासारखं, हे मला तेव्हाही नीट माहीत नव्हतं, आणि आता फळीमागे बसून ते ठरवायची इच्छा नव्हती. यांनी त्या माणसाला शांतपणे सांगितलं की बाई बऱ्या आहेत. फक्त परतताना यांचा चालायचा वेग वाढला, आणि मी मागे पडले तरी वळून पाहिलं नाही. त्यानंतर फिरायला जाताना हे एकटेच जाऊ लागले, आणि परत येताना डॉक्टरांच्या बागेतल्या खोलीसमोर बराच वेळ उभे राहू लागले.

काचेवरच्या शेवटच्या फळीने उजेडाची पट्टी दोऱ्याएवढी केली आणि मग तीही गेली. कोटाच्या भोकावर थोडंसंच विणायचं उरलं होतं. करडा आणि तपकिरी एकच झाले, मग माझा हात आणि कोट एकच झाले. मी सुई कापडात खोचून ठेवली. वर आणखी काही फळ्या ठोकल्याचे आवाज आले, ते आता लांबून आल्यासारखे वाटत होते. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. नुसता राग होता, आणि तोही यांच्यावर कमी, माझ्यावर जास्त. तोंड होतं, आवाज होता, काच सरकती होती. मी परीक्षा घ्यायला बसले आणि ज्याची परीक्षा घ्यायची तो माणूस आपलं काम नीट करून मोकळा झाला.

दार उघडलं. ड्रिलची बॅटरी चार्जिंगला लावायला हे आत आले होते. भिंतीवर बटण चाचपडायची यांना गरज पडली नाही, ट्यूब यांनीच बसवलेली. खोली दुधी झाली. मला पाहून हे दचकले नाहीत.

"अंधारात काय बसलीस?" हे म्हणाले. "दिवा लावायचा की. एवढा बसवून दिलाय."

"काम चाललं होतं."

"मग चालू दे." यांनी बॅटरी लावली, लाल ठिपका पेटल्याची खात्री करून घेतली आणि दारात थांबले. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. दमले होते, म्हातारे दिसत होते, आणि खूश होते. "आधी बाहेर ये. बघून घे एकदा. पूर्ण झालं."

मी कोट हातावर टाकून यांच्या मागून फाटकाबाहेर पडले आणि वळसा घालून गल्लीत आले. खोटं कशाला बोलू, भिंत सुरेख झाली होती. उजेड तिरपा पडत होता, फळ्यांच्या रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ धावत होत्या आणि एकही रेषा कुठे मोडत नव्हती. खिळे एका ओळीत, डोकी आत दाबून वर लाकडाची भुकटी भरलेली. मी जवळ गेले आणि हात लावला. माझी जागा कुठे असेल ते बघू लागले. इथे माझं टेबल, म्हणजे इथे असायला हवी. की जरा पलीकडे? टिचकी मारून पाहिली. पण भिंत आणि फळ्या यांच्यामध्ये हवेसाठी सगळीकडेच फट सोडलेली असते, सगळीकडे सारखंच पोकळ वाजत होतं. मी पुन्हा डावीकडून सुरू केलं, बोटांनी, डोळे बारीक करून, उजेडाकडे मान तिरकी करून. इतकी वर्षं जिथे बसले, ती जागा मला बाहेरून सापडेना.

"खिडकी शोधतेस ना?" हे मागून म्हणाले.

मी वळून पाहिलं. हात पाठीमागे बांधून, हनुवटी थोडी वर करून हे उभे होते.

"शोध," हे म्हणाले, आणि जरा थांबले. "सापडायचं नाही."

मुद्दाम असलं तर बरं, असं मी आत बसून म्हटलं होतं. बरं वाटलं नाही. वाक्य माझंच होतं, मधलं थांबणंही माझंच. मी खिडकीत गिऱ्हाइकांना ते म्हणत असे तेव्हा हे बागेत खुर्ची टाकून पेपर वाचत बसलेले असायचे, आणि मला वाटायचं की माझं बोलणं यांच्या कानापर्यंत पोचतच नाही. सगळं पोचत होतं. मी भिंतीवरचा हात काढून घेतला, कोट उजेडात धरला आणि राहिलेलं विणायला तिथेच गल्लीत, भिंतीला पाठ लावून, जमिनीवर बसले.